तळ्याकाठी मुक्काम कोणाचा? महाड, रायगड आणि नाव लिहिण्याचा इतिहास



गेल्या हिवाळ्यात आमच्या अभ्यासवर्गाच्या बावीस मुलामुलींना घेऊन दोन रात्रींचं शिबिर घ्यायचं ठरलं. पोरांची मागणी साधी होती. "ताई, दर वेळी समाजमंदिरात सतरंज्या टाकून बसतो, यंदा तंबूत राहू." आपल्या रायगड जिल्ह्यात आता जागोजागी तंबूंचा धंदा उभा राहिलाय. नागाव, काशीद, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आहे, धरणांच्या जलाशयांकाठी आहे. मोबाइलवर फोटो पाहिले. पाण्याच्या कडेला रांगेने तंबू, समोर डोंगर, डोंगरावर किल्ला. मी एका ठिकाणी फोन लावला.

समोरचा माणूस आधी अगदी गोड बोलला. जेवण काय हवं, शेकोटी हवी का, गाणी लावायची का, सगळं विचारलं. मग म्हणाला, "ग्रुपचं नाव काय लिहू?" मी मंडळाचं नाव सांगितलं. नावात भीम आहे. दोन क्षण शांतता. "ताई, आमच्याकडे फॅमिली पब्लिक येतं. तुमच्यात घोषणा वगैरे असतात ना?" मी म्हटलं, घोषणा नाहीत, मुलं आहेत, पैसे आगाऊ देतो. तो म्हणाला, "थांबा, तारीख बघतो." आणि मग, "त्या तारखेला फुल्ल आहे."

अर्ध्या तासाने माझ्या एका वेगळ्या आडनावाच्या मैत्रिणीने त्याच नंबरवर, त्याच तारखेसाठी फोन केला. तिला बावीस जणांची जागा मिळाली.

मी त्या जागेचं नाव इथे लिहीत नाही. आपल्याला एका माणसाला झोडपायचं नाही, त्याच्या तोंडून बोलणारी व्यवस्था समजून घ्यायची आहे. पण त्या रात्री आमच्या ग्रुपवर जो वाद झाला, तो इथे मांडायलाच हवा.

वादात दोन बाजू होत्या. काही पोरं म्हणाली, मैत्रिणीच्या नावावर बुकिंग झालंय ना, मग जाऊ. नाव सांगायची गरजच काय? दुसऱ्या बाजूला आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते. ते म्हणाले, "तळ्याकाठी तंबू ठोकून गाणी म्हणणं हे आपल्या चळवळीचं काम नाही. हे खाऊनपिऊन सुखी लोकांचे चोचले आहेत. आपल्याला शिक्षणाचे, नोकऱ्यांचे प्रश्न आहेत."

दोन्ही बाजूंना उत्तर द्यायचं म्हणून मी पुन्हा पुस्तकं काढून बसले. आणि लक्षात आलं की किल्ला, तळं आणि रात्रीचा मुक्काम या तीन गोष्टींचा आपल्या चळवळीशी जितका जवळचा संबंध आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या समाजाच्या चळवळीशी असेल. तो संबंध याच जिल्ह्याच्या मातीत घडला. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ साली मिळालं.

गड म्हणजे आधी पाणी

किल्ल्याचा विचार आपण तट, बुरूज, तोफा यांनी करतो. किल्ला बांधणारे मात्र पाण्यापासून सुरुवात करायचे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त गड बांधण्यापूर्वी उदक पाहावं असं बजावलं आहे. पाणी नसेल तर ती जागा कितीही अवघड असली तरी उपयोगाची नाही. आपल्या किनाऱ्यावर हे डोळ्यांनी दिसतं. मुरुडचा जंजिरा चारही बाजूंनी खाऱ्या पाण्यात उभा आहे, पण आत गोड्या पाण्याची तळी आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. रायगडावर गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त. जगदीश्वराच्या मंदिरातल्या हिरोजी इंदुलकरांच्या शिलालेखात वाड्यांबरोबर विहिरी आणि तळ्यांचाही उल्लेख आहे. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकासाठी आणलेलं नद्यांचं तीर्थ गंगासागरात ओतलं, अशी कथा गडावर आजही सांगतात.

पाणी गडाचा जीव, हे झालं. गडाची राखण कोण करत होतं? ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारानेही नोंदवलं आहे की किल्ल्यांच्या घेऱ्यात, म्हणजे तटाबाहेरच्या रानात आणि मेटांवर, महार, मांग, रामोशी यांच्यासारख्या जातींचे लोक पहाऱ्याला असत. शत्रूची चाहूल सर्वांत आधी त्यांना लागायची आणि पहिला घावही त्यांच्यावर यायचा. थंडीपावसात डोंगराच्या अंगावर रात्र काढायला आपल्या पूर्वजांना कोणी जाहिरात करून बोलावलं नव्हतं. ते त्यांचं कामच होतं.

पुढे इंग्रजांच्या फौजेत याच कोकणपट्ट्यातले महार मोठ्या संख्येने गेले. तिथे वाचायला शिकले, कवायत शिकले, पेन्शन घेऊन परतले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. लष्करातून निवृत्त झाल्यावर १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार काय, असा जाब विचारला. त्यांना महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर नेमलं, तेव्हा त्यांच्याशेजारी बसायला सवर्ण सभासद तयार नव्हते. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवेही इथून फार लांब नाही. सावित्रीच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. त्यांचे वडील रामजी लष्करात सुभेदार. किल्ला, पलटण आणि छावणी आपल्या घरात अशी आधीपासून होती. फक्त छावणीतल्या शिपायाला गावातल्या तळ्यावर जागा नव्हती.

चाळीस रुपयांचं पाणी

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्षात तीन वर्षं एकही अस्पृश्य तिथे पाणी भरू शकला नाही.

उच्च न्यायालयाच्या निकालात या तळ्याचं वर्णन आहे. चारपाच एकरांचं, पावसाने आणि काही झऱ्यांनी भरणारं, चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि त्या रस्त्यांपलीकडे वस्ती. म्हणजे आडरानातलं तळं नव्हे. तळ्याकडे जायचं तर गावाच्या डोळ्यांसमोरून जावं लागणार.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस ही कायस्थ मंडळी सोबत होती. परिषदेला हजारो माणसं आली. त्यांना प्यायला पाणी लागणार. धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवलं आहे की त्या परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं.

पोरांनो, हे वाक्य वाचताना थांबा. शेजारी चारपाच एकरांचं तळं भरलेलं आहे, नगरपालिकेने ते आपल्यालाही खुलं केलं आहे, आणि आपली माणसं पाणी विकत घेतायत. पैसे घेऊन पाणी द्यायला ते तयार होते, हेही ध्यानात घ्या. पैशाला विटाळ नव्हता. आपण स्वतः तळ्याच्या काठावर उतरून ओंजळ भरण्याला होता. आज माझ्याशी फोनवर बोलणाऱ्याला माझे पैसे नको होते असं नाही. त्याला माझं नाव त्याच्या तळ्याकाठी नको होतं.

२० मार्चला बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्यायले, मागोमाग लोक प्यायले. नंतर अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतीच्या तयारीत जेवायला बसलेल्या लोकांवर काठ्या घेऊन जमाव तुटून पडला, अन्न मातीत मिसळलं. कित्येकांना मुसलमानांच्या घरात आसरा मिळाला म्हणून ते वाचले. आणि तळं? १०८ घागरी पंचगव्य ओतून ते शुद्ध करून घेतलं गेलं.

डिसेंबरची छावणी

मार्चचा सत्याग्रह आपल्याला तोंडपाठ आहे. डिसेंबरच्या परिषदेतलं मनुस्मृती दहनही आपण दर वर्षी साजरं करतो. त्या दोन्हींच्या मधली छावणी मात्र आपण विसरतो. मला वाटतं चळवळ चालवणाऱ्यांनी सर्वांत जास्त अभ्यास तिचा करायला हवा.

नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला जुना ठराव मागे घेतला. योगायोग पाहा, बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षं होत होती. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरपासून पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. महाडात मंडपासाठी जागा द्यायला एकही हिंदू तयार होईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला होता, म्हणून दहा दिवस पुरेल इतका शिधा बाहेरून आणून ठेवला. मुंबईहून बाबासाहेब आणि सोबतचे प्रतिनिधी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदरात उतरले. धरमतरच्या वाटेने आले असते आणि मोटारवाल्यांनी बसवून घेतलं नसतं, तर फार लांबची पायपीट करावी लागली असती. दासगावहून महाड पाच मैल. एवढं पायी जाता येतं, असा तो हिशोब होता. दासगावहून हजारो लोक घोषणा देत महाडपर्यंत चालत गेले.

छावणीची शिस्त लष्करातून निवृत्त झालेल्या माणसांनी सांभाळली. त्याच छावणीत २५ तारखेच्या रात्री खास खणलेल्या कुंडात चंदनाची लाकडं रचून मनुस्मृती जाळली. ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, राजभोजांनी अनुमोदन दिलं. सनातन्यांनी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजार लोकांनी नावं नोंदवली होती. तुरुंगात जायला तयार असलेल्या या माणसांना थांबा म्हणायचं होतं. दोन दिवस खल झाला. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. आपला झगडा सनातन्यांशी आहे, सरकारला त्यांच्या बाजूने उभं करायचं नाही, असा त्यांचा विचार होता. मग सगळ्यांनी हाती फलक घेऊन शिस्तीत तळ्याला वळसा घातला आणि पाण्याला हात न लावता परत आले.

हे सगळं एका छावणीत घडलं. मराठीत सैन्य तळ देतं, यात्रा तळ देते. महाडला आपण तळ्यासाठी तळ दिला. तिथे माणसं एकत्र जेवली, एकत्र झोपली, एकत्र वाद घातला. बाबासाहेब तिथेच स्त्रियांशी बोलले, कपड्यालत्त्यांपासून मुलींच्या शिक्षणापर्यंत. दुसऱ्या दिवशी कित्येक बायांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदलली. एका सभेत टाळ्या पडतात. माणूस बदलायला मात्र रात्रीचा मुक्काम लागतो. शिबिर म्हणजे चोचले, असं म्हणणाऱ्या ज्येष्ठांना माझं पहिलं उत्तर हे आहे.

परिषद संपल्यावर बाबासाहेब कुठे गेले?

दुसरं उत्तर त्याहून सोपं आहे. परिषद संपल्यावर बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन आसपासचा परिसर पाहायला गेले. महाडच्या वेशीवरची गांधारपाल्याची बौद्ध लेणी पाहिली. मग रायगड पाहिला.

विचार करा. मनुस्मृती नुकतीच जाळली आहे, डोक्यावर खटला आहे, सनातनी खवळलेले आहेत. आणि हा माणूस लेणी चढतो, किल्ला पाहतो. ज्याला इतिहास पाहण्याची भूक आहे, त्याने ती भागवलीच पाहिजे. आपल्याला शेतावर, गिरणीत, गटारात राबायला कोणी कधी अडवलं नाही. अडवलं ते विनाकारण एखाद्या जागी उभं राहायला, बसायला, पाहायला. काम करणारा महार गावाला हवाच होता. काम नसताना तळ्याकाठी निवांत बसलेला महार मात्र त्यांना चालत नव्हता. म्हणून विरंगुळा हाही हक्काचाच प्रश्न आहे. शिक्षण आणि नोकरीनंतर कधीतरी बघू, असं म्हणून तो मागे टाकता येणार नाही.

आणि त्या लेण्यांत काय आहे? मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना डोंगरात कोरलेली तीसेक लेणी दिसतात. तिथल्या एका ब्राह्मी शिलालेखात कुमार काणभोअ विष्णुपालित याने दिलेल्या दानाची यादी आहे. लेणं, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन पोढी. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी याच महाडात एका राजपुत्राने पाणी दान केलं आणि तसं दगडावर लिहून ठेवलं. भिक्खूसंघात प्रवेश घेताना जात गळून पडते, हे आपण जाणतो. म्हणजे या टाक्यांचं पाणी पिणाऱ्या भिक्खूला जात नव्हती. तिथून काही किलोमीटरवरच्या तळ्यात माणसाच्या ओंजळीने विटाळ होतो म्हणून १०८ घागरी ओतणारं गाव नंतर उभं राहिलं.

'हे अनादी काळापासून असंच आहे' असं कोणी म्हणालं, तर त्याला महाडची पोढी दाखवा.

देवगिरीच्या दारातलं तळं

आता पहिल्या बाजूकडे येते. नाव न सांगता जाऊ म्हणणाऱ्या पोरांकडे. त्यांच्यासाठी रायगड सोडून थोडं मराठवाड्यात जावं लागेल, कारण बाबासाहेबांच्या आयुष्यात किल्ला आणि तळं पुन्हा एकदा समोरासमोर आलं ते तिथे.

साल १९३४. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांसोबत सहल काढायची ठरवली. हो, सहलच. वेरूळची लेणी पाहायची होती, वाटेत दौलताबाद म्हणजे देवगिरीचा किल्ला. तीसेक लोक, बस आणि मोटारी. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगितला आहे. त्यात एक गोष्ट ते मोकळेपणाने लिहितात. दौऱ्याचा गाजावाजा मुद्दाम केला नव्हता. बाहेरगावी अस्पृश्य प्रवाशाला जो त्रास होतो तो टाळायला ते ओळख न देता निघाले होते. फक्त मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या लोकांना कळवलं होतं.

हे वाचून आमची पोरं खूश झाली. "बघा ताई, बाबासाहेबसुद्धा नाव न सांगता गेले होते!"

खरं आहे. ज्याच्या जिवावर बेतू शकतं, तो नाव झाकतो, यात भेकडपणा नाही. शहरात खोली मिळेना म्हणून आडनाव बदललेल्या आपल्या भावाबहिणींना मी कधी टोमणा मारत नाही. पण प्रसंग पुढे वाचा.

किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेलं छोटं तळं होतं, भोवती दगडी फरसबंदी. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते, म्हणून काही जणांनी तिथे हातपाय तोंड धुतलं. सगळे दरवाजात पोचतात तोच मागून एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत आला की या धेडांनी तळं बाटवलं. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, स्थानिक आपल्या लोकांनाही धमकावलं. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या हाच अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या तळ्यावर अडवाल का? जमाव गप्प झाला.

मग बाबासाहेब पहारेकऱ्याकडे वळले. आम्हाला आत जाता येईल की नाही, ते सांग. पहारेकऱ्याने नाव विचारलं. बाबासाहेबांनी कागदावर आपलं नाव लिहून दिलं.

परवानगी मिळाली, पण एका अटीवर. किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ते लावत नाहीत ना हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी घेते. महाडला फत्तेखानांनी जागा दिली, दौलताबादला मुसलमानांनीच पाण्यावरून अडवलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगायला हवं. जातीचा रोग हिंदू धर्मशास्त्रात जन्मला, पण तो शेजारच्या घरांतही पसरला. बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला तो नेमकं हेच दाखवायला. आज जे कोणी यातला अर्धाच प्रसंग उचलून आपल्याला एका धर्माविरुद्ध उभं करू पाहतात, त्यांना उरलेला अर्धा ऐकवा.

दुसरी गोष्ट नावाची. रस्त्याने जाताना नाव न सांगणं ही सावधगिरी होती. दारात उभं राहून 'तू कोण' असं विचारल्यावर त्यांनी नाव लिहिलं. दुसऱ्याचं नाव लिहून किल्ला पाहता आला असता. पण मग किल्ला त्या दुसऱ्या नावाने पाहिला असता.

रूढी आणि राज्यघटना

महाडचा खटला चालूच होता. सवर्णांचं म्हणणं होतं की तळ्याचा वापर फक्त स्पृश्यांनी करायचा, ही अनादी काळापासूनची रूढी आहे. महाडच्या न्यायालयात १९३१ मध्ये निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. ठाण्यात १९३३ मध्ये सवर्णांचं अपील फेटाळलं गेलं. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनीही तेच सांगितलं. तळं नगरपालिकेचं आहे आणि अशी प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते.

पण बाबासाहेब एका तळ्याचा खटला जिंकून थांबले नाहीत. राज्यघटनेचं कलम १५ (२) काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या सार्वजनिक जागांत जायला मज्जाव करता येणार नाही. पुढच्याच पोटकलमात सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांसाठी वाहिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते येतात. आपल्याकडे मूलभूत हक्कांच्या यादीत 'तलाव' हा शब्द आहे. तो तिथे यायला आधी महाड घडावं लागलं. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा याच वाटेवर पुढे आले.

आणि करमणुकीच्या जागा या शब्दांत तंबूवालाही येतो. तळं धरणाचं असो, जमीन त्याच्या मालकीची असो, त्याने लोकांसाठी धंदा मांडला आहे. नाव ऐकून 'फुल्ल' म्हणायची मुभा त्याला घटनेने ठेवलेली नाही. अडचण एवढीच की तो जात हा शब्द उच्चारत नाही. तो 'फॅमिली पब्लिक' म्हणतो. १९२७ ला विटाळ म्हणत होते, आता वातावरण बिघडेल म्हणतात. म्हणून असा फोन कराल तेव्हा तारीख, वेळ आणि झालेलं बोलणं लिहून ठेवा, दुसऱ्या नावाने पुन्हा विचारून पाहा. आम्ही हे सगळं केलं, लिहून ठेवलं आहे आणि वकिलांचा सल्लाही घेतला आहे.

मग आम्ही काय केलं

मैत्रिणीच्या नावावरचं बुकिंग सोडून दिलं. हा निर्णय मी लादला नाही. देवगिरीचा प्रसंग मोठ्याने वाचून झाल्यावर पोरांनीच हात वर करून तो घेतला. तीन जण विरोधात होते. त्यांचं म्हणणं असं की त्याला पैसे देऊन, त्याच्याच तळ्याकाठी बसून शेवटच्या दिवशी नाव सांगायला हवं होतं. तेही मला अगदी चूक वाटत नाही.

आम्ही रायगडच्या वाटेवरच्या एका गावात राहिलो, बुद्धविहाराच्या अंगणात. भाड्याने आणलेले सात तंबू ठोकले. दोन रात्री पहाटेपर्यंत पडले नाहीत, म्हणजे बरे ठोकले होते म्हणायचं. गावातल्या बायांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी दिली. सकाळी पोरं चढून रायगडावर गेली. गड संरक्षित स्मारक आहे, तिथे तंबू नाहीत, शेकोटी नाही आणि नसावीच. आम्ही गंगासागराच्या काठावर गोल करून बसलो आणि महाडच्या छावणीची गोष्ट वाचली. आजूबाजूला शाळेच्या सहली होत्या, घोषणा चालू होत्या, पाण्यात वाकून फोटो चालू होते. आम्हाला कोणी काही विचारलं नाही. एका मुलीने हात बुडवला, तोंडावरून फिरवला आणि म्हणाली, "ताई, गार आहे." बस एवढंच. त्या 'एवढंच'साठी किती वर्षं लागली, ते आता तुम्हाला माहीत आहे.

उतरताना मला आजीची आठवण झाली. ती दर २० मार्चला महाडला जायची. सोबत भाकरीचं गाठोडं आणि एक गोधडी. रात्री तळ्याजवळच्या रस्त्याच्या कडेला गोधडी टाकून झोपायची. लहान असताना मला त्याची लाज वाटायची. रस्त्यावर काय झोपायचं? आज कळतं. ज्या रस्त्यावरून तिच्या आईला तळ्याकडे जाता येत नव्हतं, त्याच रस्त्याला पाठ टेकून ती रात्रभर झोपत होती.

तेव्हा मित्रांनो, माझं सांगणं थोडक्यात असं. येत्या २५ डिसेंबरला किंवा २० मार्चला महाडला याल तेव्हा अभिवादन करून संध्याकाळच्या गाडीने परत पळू नका. एक रात्र राहा. क्रांतिस्तंभाजवळ बसून डिसेंबरच्या छावणीचा हिशोब वाचा, शिधा कुठून आला, जागा कोणी दिली, निर्णय कसा झाला. सकाळी गांधारपाल्याची लेणी चढा, पोढी शोधा. मग रायगड पाहा. जिथे मुक्काम कराल तिथली वही मागून घ्या आणि मंडळाचं नाव पूर्ण लिहा, आडनावासकट आपलंही लिहा. जागा नाही म्हणाले, तर तेही लिहून ठेवा.

जय भीम!